डॉक्टरांची चिठ्ठी : वाचावी कशी, पाळावी कशी

बेळगावचा खडेबाजार ही या परिसराची जुनी पेठ होय. येळ्ळूर, कडोली, उचगाव इत्यादी गावांतील लोक बाजारहाट व दवाखाना ही दोन्ही कामे अनेकदा एकाच खेपेत उरकतात. पेठेत मराठी व कन्नड दोन्ही भाषा चालतात. औषधाच्या वेष्टनावरील मजकूर मात्र बहुधा इंग्रजीत असतो. दुकानात घाईने ऐकलेली सूचना घरी पोहोचेपर्यंत विसरली, तर योग्य औषधही अपायकारक ठरू शकते.

चिठ्ठीवरील खुणा समजण्यास कठीण नाहीत. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज भासल्यासच. औषध कशासाठी, किती, जेवणापूर्वी की नंतर आणि किती दिवस, या चार गोष्टी रुग्णाने दुकानातच आपल्या भाषेत बोलून दाखवाव्यात व पाकिटावर लिहून घ्याव्यात. पातळ औषध घरातील चमच्याने न देता सोबतच्या मापानेच द्यावे.

एकच औषध निरनिराळ्या नावांनी विकले जाते. तापाची गोळी व सर्दीची गोळी या दोहोंतही पॅरासिटामॉल असू शकते. दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा नकळत वाढते व यकृतास इजा पोहोचू शकते. म्हणून घरात चालू असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, डॉक्टरांना सांगावीत. गरोदरपण, अंगावर पाजणे किंवा पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर उठलेले पुरळ यांचीही माहिती द्यावी.

बरे वाटू लागताच औषध सोडणे ही चूक सर्रास घडते. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास दाद देईनासे होतात. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार किमान ६ महिने चालतो. त्यातील रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी दिसते. त्यास घाबरून उपचार थांबवू नये. मात्र डोळे पिवळे पडल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. रक्तदाबाची गोळीही त्रास जाणवत नाही म्हणून परस्पर बंद करू नये.

काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व झोपेच्या गोळ्या ‘एच-१’ या अनुसूचीत येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदारास ठेवावी लागते, व ती ३ वर्षे जपावी लागते. चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करीत नसून नियम पाळीत असतो. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची उरलेली गोळी घेणे तर सर्वथा टाळावे. वय, वजन व आजार प्रत्येकाचा निराळा असतो.

औषध घेतल्यावर श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे अशी लक्षणे दिसल्यास पुढील मात्रा न घेता वेष्टनासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

जुन्या व नव्या सर्व चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवून प्रत्येक भेटीत सोबत न्याव्यात. शाळेतील शिक्षकांनी रिकाम्या वेष्टनावरून औषधाचे नाव, मात्रा व मुदतीची तारीख वाचण्याचा पाठ घेतल्यास घरातील वृद्धांच्या गोळ्या वाचून देण्याचे काम मुले सहज करू शकतील.