झोजिलाचा बर्फाळ उतार ट्रकने उतरताना

कसारा किंवा खंबाटकी घाटात हात बसलेल्या चालकाला उताराची एकच मोठी धास्ती असते, ब्रेक तापून निकामी होण्याची. श्रीनगर-लेह महामार्गावर 3,528 मीटर उंचीवरच्या झोजिला खिंडीत बर्फ पडला की धोका वेगळा असतो. तिथे ब्रेक उत्तम लागतो, चाक जागच्या जागी थांबते आणि गाडी तशीच घसरत पुढे जाते. लडाखच्या हिवाळ्याची बेगमी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकला सोनमर्गकडचा उभा उतार सर्वांत कठीण जातो, कारण मागच्या चाकांवर वजनच नसते. हा उतार सुखरूप उतरायचा तर वेग वर खिंडीतच ठरवावा लागतो. खाली तो दुरुस्त करायला जागा मिळत नाही.

तयारी मात्र सपाटीवरच करून घ्या. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधे पाणी भरत राहण्याची आपल्याकडची सवय इथे इंजिनचा ब्लॉक फोडते. म्हणून पाणी पूर्ण काढून कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरा. साध्या डिझेलमधले मेण थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल मिळते, तेव्हा टाकीत मैदानातले डिझेल कमीत कमी उरेल अशा बेताने पोचा. गोठलेल्या टाकीखाली जाळ करायची जुनी रीत पाहायला मिळते, ती कुणी सांगितली तरी करू नका. एअर ब्रेकच्या टाक्यांतले पाणी रोज संध्याकाळी काढा, कारण तेच रात्री व्हॉल्व्हमध्ये गोठते. सोबत फावडे, वाळूच्या दोन गोण्या, लाकडी ठोकळे, दोन दिवसांचे खाणे आणि ब्लँकेट हवेच.

निघण्याआधी वाहतूक पोलिसांकडे चौकशी करा. बर्फाच्या दिवसांत खिंडीतून बहुधा एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडतात आणि सीमा रस्ते संघटनेने (बीआरओ) रस्ता मोकळा केल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत.

आता बर्फात पकडीसाठी चाकांवर बांधायची चेन. ती बर्फ सुरू होण्याआधी, सपाट जागी लावायची. अर्ध्या चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ती नीट बसत नाही. इंजिनचा जोर ज्या चाकांना मिळतो त्यांनाच चेन लागते. दहाचाकी ट्रकला मागे दोन ॲक्सल असले तरी पुष्कळ गाड्यांत जोर एकालाच पोचतो. प्रॉपेलर शाफ्ट कुठे जोडला आहे ते वाकून पाहा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा आणि जोडचाकांपैकी निदान बाहेरच्या चाकावर, दोन्ही बाजूंना सारखी टाका. हुकांची उघडी टोके बाहेरच्या बाजूला राहू द्या, आत वळली तर ती टायर कापतात. आवळून झाली की शंभरेक मीटर सावकाश चालवा, थांबा, खाली उतरा आणि पुन्हा आवळा. घाईत वगळली जाते ती हीच पायरी. सैल चेन तुटून ब्रेकच्या नळीवर आपटली तर हवाच निघून जाते. चेन असली तरी ताशी 30 किलोमीटरच्या वर जाऊ नका. पुढच्या चाकांना चेन नसते, म्हणजे वळण्याची पकड वाढलेली नसते.

उतार सुरू होण्याआधी थांबा आणि खालचा गिअर टाका. तो पायथ्यापर्यंत बदलायचा नाही. एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा, कारण निसरड्यावर तो मागची चाके अडवतो आणि शेपूट बाजूला जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे तर कुठल्याच घाटात नको.

हिशेब असा आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने कोरड्या सपाट डांबरावर ब्रेक दाबला तर ट्रक दहा-बारा मीटरांत थांबतो. चेन नसेल तर गुळगुळीत बर्फावर त्याच ट्रकला 60 मीटरांहून जास्त लागतात. वेग निम्मा केला की अंतर चौथाई होते, म्हणजे ताशी 20 ला सुमारे 16 मीटर. पण वीस मीटरला एक मीटर असा उतार असला की हे 16 मीटर दुप्पट होतात, आणि दहाला एक असला तर ट्रक थांबतच नाही. म्हणून पुढची गाडी वळणापार झाल्याशिवाय आपली सोडू नका. ब्रेक हलका, सरळ रस्त्यावर लावा आणि वळणात शिरण्याआधी सोडा.

बर्फ कुठला वाईट, यात नवखा हमखास चुकतो. पहाटेच्या कडक थंडीतला कोरडा बर्फ त्यातल्या त्यात बरा. दुपारी ऊन पडून वर पाण्याचा पातळ थर आला की तोच बर्फ कितीतरी जास्त निसरडा होतो. सावलीतल्या वळणांवर आणि जिथे नाला रस्त्यावरून वाहतो तिथे पारदर्शक बर्फ डांबरासारखाच काळा दिसतो. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडणे थांबले आहे, असे दिसले की तो गोठला समजा. शैतानी नाल्यासारख्या हिमकडे कोसळणाऱ्या जागी फोटोसाठी, चहासाठी, कशासाठीही थांबू नका.

शेपूट घसरलेच तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवरून पाय काढा, क्लच दाबून चाके मोकळी फिरू द्या आणि शेपूट जिकडे जाते तिकडे स्टिअरिंग हलकेच वळवा. गाडी सरळ होताच ते लगेच परत आणा, नाहीतर शेपूट दुसऱ्या बाजूला झोकांडते. पुढची चाके घसरत असतील तर स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग नाही. वेग उतरेपर्यंत ते थोडे सैल करा. काहीच जमेना तर डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात गाडी घाला. बंपर आणि बॉडीची पर्वा त्या क्षणी करायची नाही.

कोंडीत अडकलात तर सायलेन्सरचे तोंड फावड्याने मोकळे ठेवा आणि काच बोटभर उघडी ठेवा. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा कांगडी (निखाऱ्यांचे भांडे) घेऊन झोपू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. मुक्कामाला सपाट जागा मिळाली तर ओले ब्रेक आवळून ठेवू नका, रात्रीत लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत उचला. चाक जागीच फिरू लागले तर जोर वाढवू नका, ते स्वतःखाली आणखी गुळगुळीत खड्डा करते. खाली उतरून वाळू टाका.

सोनमर्गला मोकळा रस्ता लागताच, 6.5 किलोमीटरच्या नव्या बोगद्यात शिरण्याआधी चेन काढा. कोरड्या रस्त्यावर ती टायर खाते. काढताना टायरची आतली बाजू आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्च लावून पाहा, आणि चेन धुऊन, तेल लावून मगच पेटीत ठेवा.