पुनरावर्ती मुखपाक : ताण, जागरण आणि निदानातील एक सावधगिरी

'तोंड आलंय' हे शब्द परंडा परिसरातील रुग्ण इतक्या सहजपणे उच्चारतात की, वैद्यानेही त्याकडे तितक्याच सहजतेने पाहावे असा मोह होतो. खदिरादि वटी किंवा बी-कॉम्प्लेक्सची पट्टी दिली की रुग्ण संतुष्ट होतो. आणि महिन्याभराने तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. अशा पुनरावर्ती मुखपाकाविषयी आमचे काही अनुभव येथे मांडत आहोत.

सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग सात अधिष्ठानांत विभागून त्यांतील तीन 'सर्वसर' म्हणून वर्णिले आहेत. व्यवहारात तोद व दाह एकत्रच आढळतात, म्हणजे वात-पित्ताचा अनुबंध असतो. आधुनिक शास्त्रातील 'ॲफ्थस अल्सर' याच्याशी पुष्कळ जुळतो : ओठांच्या वा गालांच्या आत, जिभेच्या कडेला, सहसा १ सेंटीमीटरहून लहान, पिवळसर तळाचा व लाल कडेचा व्रण. तो ७ ते १४ दिवसांत वण न ठेवता भरतो. हा कालावधी वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हेतूंमध्ये ठेचा, लोणचे, रिकाम्या पोटी चहा हे आपण विचारतोच. मनाविषयी मात्र क्वचित विचारतो. मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध व प्रजागर यांमुळे पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. चाळिशीतील एका शेतकऱ्यास दोन वर्षे दर महिन्या-दीड महिन्याला तोंड येत असे. 'उष्णता झाली' एवढेच तो सांगे. आम्ही त्यास कॅलेंडरवर खूण करावयास लावली. चार महिन्यांनी पाहिले तर खुणा दोन ठिकाणी गोळा झालेल्या : कर्जाच्या हप्त्याच्या सुमारास, आणि शेतीची वीज रात्रीची असताना उसाला पाणी देण्याच्या आठवड्यात. कॅलेंडर पाहून तो स्वतःच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तोंडाचं दुखणं नाही." 'काळजी करू नका' हा सल्ला अशा रुग्णास देणे व्यर्थ होय, हप्ता काही त्याने टळत नाही. रात्रपाळीनंतर दुपारी जेवणापूर्वी अल्प निद्रा, रात्री काशाच्या वाटीने तुपाचे पादाभ्यंग, जागरणाच्या काळात चहाऐवजी दूध-तूप आणि ठेचा वर्ज्य, एवढेच आम्ही त्याच्याकडून नेटाने करवून घेतले.

औषधांत जाईची पाने, दारुहळद व त्रिफळा यांच्या क्वाथाचे कवल, दाह अधिक असल्यास दुधाचे अथवा तुपाचे गंडूष (तोंड पूर्ण भरून, न हलविता, रुग्ण येथे हमखास गुळण्याच करतात), मध व यष्टिमधूचे प्रतिसारण, पोटात कामदुधा, मलावष्टंभ असेल तर अविपत्तिकर चूर्ण. वेग थांबले नाहीत, पण अंतर वाढले व व्रण लवकर भरू लागले. मात्र त्यापूर्वी रक्त तपासले होते. लोह, बी-१२ वा फोलेट यांची कमतरता असल्यास ती भरून काढल्याविना मनाला दोष देणे अन्यायाचे ठरते. काही रुग्णांत फेस आणणारी टूथपेस्ट बदलणेही उपयोगी पडते.

आता आमच्या चुकीविषयी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने आमच्या तालुक्यात पिके व जनावरे वाहून गेली. त्यानंतर तोंड येण्याच्या तक्रारी घेऊन बरेच जण आले. त्यांत पन्नाशी ओलांडलेली एक बाई होती. झोप नाही, भूक नाही, डाव्या गालात व्रण. ताणाचे कारण समोर इतके ढळढळीत होते की, आम्ही बॅटरीच्या उजेडात दुरून पाहिले आणि वरील चिकित्सा दिली. पंधरा दिवसांनी दाह कमी झाला, म्हणून तीच पुढे चालविली. पाचव्या आठवड्यात प्रथमच हातमोजा घालून बोट फिरविले. व्रण त्याच जागी होता, कडा कठीण लागली. मिसरीविषयी विचारल्यावर ती म्हणाली, "ती तर लग्नाआधीपासून लावते."

आमचा परंडा तालुका, शेजारचे भूम व बार्शी हे बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीच्या क्षेत्रात येतात. ही नोंदणी १९८७ पासूनची, म्हणजे आमच्या पदवीच्याही आधीची. तरीही हा विचार मनात येण्यास आम्हास पाच आठवडे लागले! त्याच दिवशी पत्र देऊन तिला बार्शीस पाठविले. तुकडा तपासणीत कर्करोग निघाला. गाठी पसरलेल्या नव्हत्या, शस्त्रक्रिया झाली.

ताणजन्य मुखपाक जागा बदलतो, येतो नि जातो. एकाच जागी तीन आठवड्यांहून अधिक राहिलेला, विशेषतः न दुखणारा व कठीण कडेचा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ यांपैकी काहीही असल्यास क्वाथ बाजूस ठेवून रुग्णास तपासणीसाठी पाठवावे. आमच्या टेबलावर आता हातमोज्यांचा डबा बॅटरीच्या शेजारी असतो, आणि केसपेपरवर व्रणाची जागा व पहिल्या दिवसाची तारीख लिहिल्याविना आम्ही औषध लिहीत नाही.