मामांची विंचेस्टर आणि पंधरा थाउ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र अस्सल मेकॅनिकलचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मेहकर तालुक्यात मामांकडे गेले होते. तूर उभी, हरभरा नुकताच पेरलेला, आणि रात्री रोही आणि रानडुकरं यांचा हैदोस. मामांच्या कपाटात आजोबांच्या वेळची लायसनची रायफल आहे. विंचेस्टर मॉडेल ९४, खालची कडी पुढे-मागे केली की काडतूस चढतं, इंग्रजी सिनेमात काउबॉयच्या हातात असते ती. तिचं काडतूस ३०-३०. ते आपल्याकडे बनत नाही, आणि आजोबांचा साठा केव्हाच संपला. एका मिस्त्रीने मामांना सांगितलं, "चेंबर थोडं मोठं करून देतो, मग तीनशे पंधराचं चालेल." .३१५ चं काडतूस आपल्या देशात बनतं आणि लायसनवर मिळतं.

मामा म्हणाले, "इंजिनिअर होऊन राह्यली ना तू? मंग सांग बरं, हे होईन का नाही?"

मी अगदी तोऱ्यात म्हटलं, "होईल की मामा! .३०० आणि .३१५, फरक फक्त पंधरा थाउचा." वर्कशॉपमध्ये रीमर चालवलेला होता ना मी!

हॉस्टेलवर परत आले तरी डोक्यातून ते जाईना. शेवटी एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. काडतूस निवडताना काय काय तपासायचं असतं, ते तेव्हा कळलं. तेच इथे क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट, नावातले आकडे. ३०-३० मधला पहिला तीस म्हणजे नळीचं माप, .३० इंच. दुसरा तीस म्हणजे ३० ग्रेन दारू. तीनशे पंधराचं काडतूस म्हणजे मुळात ऑस्ट्रियाचं ८ × ५० मॅनलिखर. नावं वेगवेगळ्या पद्धतीने पडलेली, त्यामुळे त्यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. प्रत्यक्ष गोळीचा व्यास बघा. ३०-३० ची सुमारे ७.८ मि.मी., मॅनलिखरची सुमारे ८.२ मि.मी. माझे पंधरा थाउ म्हणजे ०.३८ मि.मी. योगायोगाने जवळच आले, पण खरा प्रश्न वेगळाच होता. मिस्त्री चेंबर मोठं करणार, पुढची नळी तीच राहणार. म्हणजे ८.२ ची गोळी ७.८ च्या नळीत कोंबली जाणार. दारू पेटल्यावर गोळी अडखळली की दाब कुठे जाईल? मागे, म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे.

दुसरी गोष्ट, लांबी. ३०-३० चं पूर्ण काडतूस सुमारे ६५ मि.मी., मॅनलिखरचं ७६ मि.मी. कडीच्या रायफलीत काडतूस एका छोट्या पाळण्यावरून वर उचललं जातं. तो पाळणा ठरावीक लांबीचाच असतो. ११ मि.मी. जास्तीचं काडतूस त्यात बसणारच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, मागे बसणारा जोर. सूत्र आपलं पहिल्या वर्षाचंच, जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. ३०-३० चा कमाल दाब अमेरिकन मानकाप्रमाणे ४२,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २९० मेगापास्कल. काडतुसाच्या बुडाचा व्यास १०.७ मि.मी., क्षेत्रफळ ९० चौ.मि.मी. गुणाकार केला तर २६ किलोन्यूटन. मॅनलिखरचं बूड सुमारे १२.५ मि.मी., क्षेत्रफळ जवळजवळ १२३. दाब तेवढाच धरला तरी जोर ३५ किलोन्यूटनच्या वर, म्हणजे ३६ टक्के जास्त. (पितळ चेंबरच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे खरा जोर कमी असतो. पण तुलनेला हा हिशेब चालतो.) हा सगळा भार बोल्टच्या मागे खालून वर सरकणाऱ्या एका लोखंडी ठोकळ्यावर. तो किती सोसेल हे १८९४ साली जॉन ब्राउनिंगने ठरवलं, आपल्या मिस्त्रीने नाही.

गंमत बघा, जाडजूड दिसणारं ४५-७० काडतूस घेतलं तर बूड १२.८ मि.मी., पण दाब फक्त २८,००० पीएसआय. जोर येतो २५ किलोन्यूटन, म्हणजे ३०-३० पेक्षा किंचित कमीच! काडतूस जाड दिसतं म्हणून रायफलवर भार जास्त, असं नसतं. उलट, १९७८ साली विंचेस्टरने .३७५ हे काडतूस काढलं. ते जुन्या ३८-५५ सारखंच दिसतं, पण दाब कितीतरी जास्त. त्यासाठी कंपनीने मॉडेल ९४ ची बॉडी जाड केली. जुन्या ३८-५५ मध्ये ते वापरू नये असं बजावलेलं असतं.

चौथी गोष्ट, गोळीचं टोक. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. पुढच्याच्या टोपीला मागच्याचं टोक टेकलेलं. म्हणून टोक चपटं किंवा बोथट लागतं. टोकदार गोळी धक्क्याने पुढची टोपी फोडू शकते. १८९५ च्या मॉडेलला खाली पेटीसारखं मॅगझिन दिलं, तिथे ही अडचण नाही. ते मॉडेल तर .३०३ मध्येही मिळायचं.

मग काडतूस बदलणं शक्यच नाही का? आहे, पण कसं ते इशापूरच्या रायफल फॅक्टरीकडून शिकावं. १९६२ च्या युद्धानंतर तिथे .३०३ च्या जुन्या ली-एनफिल्डचीच घडण ठेवून ७.६२ ची रायफल तयार केली, टू-ए आणि पुढे टू-ए-वन. .३०३ चा कमाल दाब ३६५ मेगापास्कल, ७.६२ च्या जोडीच्या .३०८ चा ४१५. वरच्याच हिशेबाने जोर ३९ वरून सुमारे ४७ किलोन्यूटन. त्यांनी जुन्या रायफलींची चेंबरं खरवडली नाहीत. चांगल्या प्रतीच्या पोलादाच्या नव्या बॉडी बनवल्या, मॅगझिन बदललं. शेगावहून भुसावळला जाताना वरणगाव लागतं ना, तिथल्या कारखान्यातही ७.६२ ची काडतुसं बनतात. आधी धातू, मग काडतूस, असा तो क्रम.

पाचवी गोष्ट कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हत्यारात असा फेरफार करणं गुन्हा आहे, करणाराही अडकतो आणि करवून घेणाराही. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबतही अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. लायसन आहे म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही.

सकाळी सात वाजता मामांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग मामा म्हणाले, "तू दिवाळीले हो म्हनली, म्हनून म्या त्याले हो म्हनलं. आयतवारी देनार होतो नेऊन."

तो शुक्रवार होता. माझे हात अक्षरशः गार पडले. मला कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं, मार्क नव्हते, तरी माझ्या एका "होईल की" वर मामा ती रायफल खांद्याला लावणार होते.

रायफल आता तशीच कपाटात आहे. मामांनी नुकसान भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज केला, पंचनामा झाला. रात्रीची राखण मात्र चालूच आहे, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन.

तेव्हापासून घरचं कुणी "तू इंजिनिअर ना, सांग बरं" म्हणालं, की मी म्हणते, "उद्या सांगते." जरा भाव कमी होतो, पण चालतं. तुम्हीही म्हणून बघा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी