वणव्यानंतरचे वन : निर्णयात आदिवासींचा वाटा

वणवा विझला म्हणजे काम संपले, असे नव्हे. जुलै २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ॲशक्रॉफ्टजवळ लागलेल्या 'एलिफंट हिल' वणव्यात सुमारे १,९२,००० हेक्टर क्षेत्र होरपळले. हा प्रदेश सेक्वेपेम्क आदिवासींची परंपरागत भूमी होय. शिकार, वनौषधी, पाणवठे, पूर्वजांच्या खुणा या सर्वांनाच झळ पोहोचली. पुनरुज्जीवनासाठी आठ सेक्वेपेम्क समाजांचे प्रमुख व प्रांतिक शासन यांची संयुक्त नेतृत्व परिषद स्थापन झाली. पुढील वर्षी जळलेल्या जमिनीत उगवलेल्या मोरेल अळंब्यांच्या वेचणीलाही आदिवासींनी परवान्यांची शिस्त लावली. वनवासींना केवळ मजुरी नव्हे, तर आरंभापासून निर्णयात वाटा दिल्यासच त्यांचे पिढीजात ज्ञान वेळेवर उपयोगी पडते, हाच या अनुभवाचा बोध होय.