पाऊस कोणाच्या हाती?

शास्त्रपाठ: १ राजे, अध्याय १७ व १८, आणि अध्याय १९ ओव्या १ ते १३. सोबत वाचावे: अनुवाद ११:१०-१७, यिर्मया १४, मत्तय ५:४५.

मृग कोरडा गेला, आर्द्रा नक्षत्रही तसेच गेले, पेरलेले बी मातीतच राहिले, म्हणजे खेड्यातील ख्रिस्ती माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक बाहेरून येतो. कोणी म्हणते, "ह्यांनी गावदेव सोडला, म्हणून गावावर कोप झाला." दुसरा त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातून येतो: "मी तर जिवंत देवाचे भजन करतो, मग माझे शेत का वाळले?" हे दोन प्रश्न वेगळे दिसतात खरे, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. ते हे की, पाऊस म्हणजे भक्तीची मजुरी होय. ज्याने पूजा केली त्यास ती मिळावी, ज्याने सोडली त्याची ती तुटावी. एलीया संदेष्ट्याचे वृत्त ह्या समजुतीचे निवारण करते. यास्तव उपदेशक बंधूंनी हा पाठ मंडळीत सावकाश व क्रमाने शिकवावा.

१. तो देश व त्याचा पाऊस

प्रथम त्या देशाची हवा ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस पडतो. इस्राएलाच्या देशात नेमके त्याच महिन्यांत आकाश कोरडे असते. तेथे पाऊस साधारणपणे ऑक्टोबरात सुरू होऊन एप्रिलात संपतो. आरंभीच्या पावसाने उन्हाळ्यात कडक झालेली जमीन मऊ होऊन नांगर चालतो, व अखेरच्या पावसाने कणसात दाणा भरतो. पवित्र शास्त्रात पहिला पाऊस व शेवटला पाऊस असे जे म्हटले आहे ते हेच. मधल्या कोरड्या महिन्यांत द्राक्षवेलीस व फळांस रात्रीच्या दहिवराचा आधार असतो.

मोशेने लोकांस हा भेद आधीच समजावून दिला होता. मिसर देशात नील नदी होती. तेथे माणूस पायाने पाट फिरवून भाजीच्या मळ्यास द्यावे तसे शेतास पाणी देई. परंतु ज्या डोंगराळ देशात इस्राएल जात होते त्यास आकाशाचेच पाणी प्यावे लागे (अनुवाद ११:१०-१२). म्हणजे त्या देशात कुणब्याने प्रतिवर्षी वर पाहावे अशीच त्याची रचना होती. वर पाहणाऱ्यापुढे प्रश्न एकच उरतो: वर कोण आहे?

२. बआल कोण होता

इस्राएलाचा राजा अहाब हा इ.स. पूर्वी ९ व्या शतकात होऊन गेला. अश्शूरी राजा तिसरा शल्मनेसर ह्याच्या शिलालेखात इ.स. पूर्व ८५३ च्या लढाईच्या वर्णनात अहाबाचे नाव आले आहे. तो लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अहाबाची राणी ईजबेल ही सीदोन्यांचा राजा एथबाल ह्याची कन्या. तिच्याबरोबर तिच्या माहेरचा देव बआल हा राजधानीत आला, आणि शोमरोनात त्याचे मंदिर उभे राहिले.

बआलाविषयी पूर्वी आपणांस शास्त्रावरून जे कळत होते त्यात इ.स. १९२८ पासून मोठी भर पडली. त्या वर्षी सिरिया देशात समुद्रकाठी शेत नांगरत असता एका शेतकऱ्याच्या नांगरास जुन्या थडग्याचा दगड लागला. पुढील वर्षी क्लोद शेफर नावाच्या फ्रेंच विद्वानाने जवळच्या रास शाम्रा येथे उत्खनन आरंभिले, तेव्हा युगारीत नावाचे प्राचीन नगर सापडले, आणि मातीच्या विटांवर कोरलेल्या बआलाच्या कथाही सापडल्या. त्या कथांत बआल हा ढगांवर स्वारी करणारा आहे. गर्जना हा त्याचा शब्द आहे. दहिवराच्या नावाची त्यास एक कन्याही आहे. तो मृत्यूच्या स्वाधीन झाला म्हणजे भूमी करपते, व तो परत आला म्हणजे ओहोळ वाहू लागतात. तेथेच सापडलेल्या एका कोरीव शिळेवर तो एका हातात गदा उगारून व दुसऱ्या हातात भाला धरून उभा आहे. ती शिळा आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

आता १ राजे १७:१ पुन्हा वाचावे. एलीया अहाबापुढे येऊन सांगतो की, परमेश्वराचा शब्द होईपर्यंत ह्या वर्षांत दहिवर पडणार नाही व पाऊसही पडणार नाही. संदेष्ट्याने युद्धाची किंवा रोगाची धमकी दिली नाही. जी दोन दाने बआलाची म्हणून लोक मानीत होते, नेमकी तीच त्याने परमेश्वराच्या हाती असल्याचे जाहीर केले.

३. देवाच्या सेवकाचाही ओहोळ आटला

पुढची गोष्ट घाईने वाचली जाते. तशी ती वाचू नये. देवाने एलीयास करीथ ओहोळाजवळ लपविले. तेथे कावळे त्यास भाकर व मांस आणून देत, आणि तो ओहोळाचे पाणी पीत असे. परंतु काही दिवसांनी तो ओहोळ आटला. कारण देशात पाऊस नव्हता (१७:७). ज्याच्या तोंडून देवाने अवर्षण जाहीर केले त्याच्याच पायाखालचे पाणी गेले! देवाने आपल्या सेवकासाठी एक ओहोळ वेगळा काढून ठेवला नाही. तसेच ओबद्याने ज्या शंभर संदेष्ट्यांस गुहांत लपविले होते तेही भाकरीपाण्यावरच राहिले.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे अंतःकरणातून आलेल्या प्रश्नाचे, उत्तर मिळते. शेत वाळले म्हणून देवाने आपणांस टाकले असे सिद्ध होत नाही. ते अवर्षण न्यायदंडाचे होते खरे. पण तसे देवाने संदेष्ट्याच्या मुखाने स्पष्ट कळविले होते. जेथे असे वचन नाही तेथे अमक्याच्या पापामुळे पाऊस गेला असे म्हणण्याचा अधिकार कोणाही मनुष्यास नाही, उपदेशकासही नाही. ईयोबाच्या मित्रांनी तसे म्हटले, आणि देवाने त्यांसच दोष दिला. आपल्या प्रभूनेही सांगितले आहे की, स्वर्गीय पिता नीतिमान व अनीतिमान ह्या दोघांवर पाऊस पाडतो. महाराष्ट्रात १९७२ साली दुष्काळ पडला तेव्हा हजारो माणसे खडी फोडण्यास व पाझर तलाव बांधण्यास गेली. उन्हाने कोणाच्या शेतास धर्म विचारला नाही.

४. बआलाच्या घरात

ओहोळ आटल्यावर देवाने एलीयास कोठे पाठविले? सारफथ येथे; आणि सारफथ सीदोनाचे होते. म्हणजे ईजबेलीच्या माहेरी, जेथे बआलाची सत्ता चालते असे मानीत, त्या मुलखात! हे गाव सोर व सीदोन ह्यांच्या मध्ये समुद्रकाठी होते. आजच्या लेबनान देशातील सराफंद गावाजवळ त्याच्या खुणा १९६९ पासून १९७४ पर्यंतच्या उत्खननात सापडल्या. अवर्षण तेथेही पोहोचले होते. बआल आपल्या घरच्या लोकांसही पाणी देऊ शकला नव्हता. तेथे एक विधवा अखेरची दोन लाकडे वेचीत होती. मूठभर पीठ व थोडेसे तेल एवढाच तिचा संसार उरला होता.

ह्या ठिकाणी देवाने पाऊस पाडला नाही, हे लक्षात ठेवावे. पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही, कुपीतले तेल आटले नाही, एवढेच झाले. कोठार भरले नाही. रोजची भाकर मिळाली. आणि ती तीन जणांत वाटून घेतली गेली: परदेशची विधवा, तिचे लेकरू व देवाचा सेवक. सृष्टीवरील देवाचा अधिकार आपण मोठ्या गडगडाटात पाहू इच्छितो. पण तो विधवेच्या चुलीपाशीही तितकाच दिसतो.

५. कर्मेलावर

तिसऱ्या वर्षी एलीया अहाबास भेटला. राजा त्या वेळी आपल्या घोड्यांसाठी व खेचरांसाठी गवत शोधीत फिरत होता. त्याने एलीयास पाहताच म्हटले की, इस्राएलास त्रास देणारा तो तूच. पहा, बाहेरून येणारा प्रश्न किती जुना आहे! एलीयाने शांतपणे उत्तर दिले की, देवाच्या आज्ञा सोडून बआलाच्या मागे गेल्याने हे झाले.

मग कर्मेल डोंगरावर बआलाचे ४५० संदेष्टे एका बाजूस व एलीया एकटा दुसऱ्या बाजूस असे उभे राहिले. त्या संदेष्ट्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत हाका मारिल्या, वेदीभोवती उड्या मारिल्या, सुऱ्यांनी आपले अंग रक्तबंबाळ केले. उत्तर आले नाही. मनुष्याने पुरेसा आग्रह धरला म्हणजे देव वठणीवर येतो अशी ती भक्ती होती. आपल्याकडे पावसासाठी देव पाण्यात ठेवितात, त्याच्या मुळाशीही देवास अडविण्याचीच कल्पना आहे. एलीयाने असे काही केले नाही. मोडलेली वेदी बारा धोंड्यांनी नीट केली, चार घागरी पाणी तीन वेळा ओतविले, आणि थोडक्या शब्दांत प्रार्थना केली. अग्नी उतरला.

त्यानंतर किशोन ओहोळाजवळ बआलाचे संदेष्टे मारले गेले. हा प्रसंग वाचताना शिष्यांची गोष्ट आठवावी. एका शोमरोनी गावावर एलीयाप्रमाणे अग्नी पाडावा असे त्यांस वाटले, तेव्हा प्रभूने त्यांस धमकाविले (लूक ९:५४-५५). ती तरवार आपल्या हाती दिलेली नाही. एलीयाने जी थट्टा केली तीही ईजबेलीच्या मेजावर जेवणाऱ्या राजाश्रयी लोकांची; उपाशी विधवेशी तो मायेने बोलला. यास्तव पावसासाठी धोंडी काढणाऱ्या गरीब शेजाऱ्याची थट्टा करणे हे एलीयाचे अनुकरण नव्हे.

६. तळहाताएवढा ढग

अग्नी पडला तरी पाऊस पडलाच नव्हता. एलीया डोंगराच्या माथ्यावर जाऊन भूमीपर्यंत लवला व प्रार्थना करू लागला. चाकर समुद्राकडे पाहून सहा वेळा परत आला, काही नव्हते. सातव्या वेळी मनुष्याच्या तळहाताएवढा ढग समुद्रातून वर येताना दिसला. त्या देशाचा पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरूनच येतो. देवाने आपलीच नेहमीची वाट वापरली. सूर्याच्या उष्णतेने समुद्राची वाफ होते, वारा ती वाहून आणितो, ती थंड होऊन थेंब पडतात, हे आज शाळेतले मूल जाणते. आणि ईयोबाच्या ३६ व्या अध्यायात देव पाण्याचे थेंब वर ओढतो असे वर्णन आहेच. पावसाची रीत समजली म्हणून त्याचा धनी नाहीसा होत नाही.

पुढे होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला; पण परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर एक अगदी मंद वाणी झाली (१९:११-१२). वारा व अग्नी बआलाच्या उपासकांस देवाचे रूप वाटत. एलीयास दाखविण्यात आले की, ते केवळ चाकर आहेत. सृष्टी देव नव्हे. ती देवाची आहे.

आपणांस बोध

पहिला बोध: पावसासाठी प्रार्थना अवश्य करावी, सातव्या वेळेपर्यंत करावी, परंतु ती सौदा म्हणून करू नये. पाऊस आला तर उपकारस्तुती, न आला तरी भजन.

दुसरा: गावच्या पूजेच्या वर्गणीस ख्रिस्ती माणसाने नम्रपणे नाही म्हणावे, पण विहिरीचा गाळ काढणे, बांध घालणे, जनावरांस चारा आणणे ह्या कामी त्याचे फावडे सर्वांच्या आधी पडावे. म्हणजे नकारात तुसडेपणा नाही हे शेजाऱ्यास दिसेल.

तिसरा: अहाबाने घोड्यांसाठी गवत शोधिले, ओबद्याने माणसांस भाकर पोहोचविली. दुष्काळात आपण कोणाच्या वाटेने चालतो ह्याची परीक्षा प्रत्येकाने आपल्या मडक्यातील पिठावरून करावी.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. एलीयाने पाऊस व दहिवर ह्यांचाच उल्लेख का केला?
२. करीथ ओहोळ का आटला? त्यावरून एलीयावर देवाचा कोप होता असे म्हणता येईल काय?
३. सारफथ कोणत्या मुलखात होते, आणि देवाने तेथेच का पाठविले असावे?
४. बआलाच्या संदेष्ट्यांची प्रार्थना व एलीयाची प्रार्थना ह्यांत कोणता भेद दिसतो?
५. ह्या वर्षी पाऊस उणा पडला तर आपल्या मंडळीतील कोणत्या घरी पहिल्याने पीठ सरेल? त्या घराची वाट आज कोण धरील?