पुढच्या चाकांच्या मोटारीचें इंजिन बदलणें

बैल गाडीस पुढून ओढतो, त्याचप्रमाणें १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० सारख्या मोटारींस पुढचीं चाकें ओढून नेतात. अशा मोटारींत इंजिन व गिअरपेटी एकमेकांस जोडून आडवीं बसविलेलीं असतात. तेथून दोन आंस, ज्यांस कारागीर शाफ्ट म्हणतात, दोन्ही चाकांस जातात.

दुसरें इंजिन घेण्यापूर्वीं पहिलें कां बिघडलें हें शोधावें. रेडिएटर चोंदलेला असल्यास नवेंहि तापून जाईल. ता. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीस महापूर येऊन कल्याण भागांत पाणी शिरलें. असें पाणी सिलिंडरांत गेल्यास हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं; किल्ली फिरवितांच कनेक्टिंग रॉड वांकतो. सबब बुडालेली मोटार चालू न करितां ओढून न्यावी.

कामाचा क्रम असा : बॅटरीची तार सोडावी, पाणी व तेल काढावें, दोन्ही शाफ्ट सोडवावे, मग चेनकप्पीनें इंजिन उचलावें. त्याच वेळीं क्लचप्लेट, तेलाचीं सीलें व इंजिनाखालील रबरें तपासून झिजलेलीं बदलावीं. दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी वांचते.

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें शेवटची गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. फेरफार मंजूर झाल्यावांचून सातबाऱ्यावर नांव चढत नाहीं, तसेंच इंजिनाचें. विक्रेत्याची पावती घ्यावी, नंबर ताडून पाहावा, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें १४ दिवसांचे आंत आपल्या हद्दीच्या, ठाणें अगर कल्याण येथील, परिवहन कार्यालयास कळवावें. नोंद राहिल्यास विक्रीचे व विम्याचे वेळीं धनी अडचणींत येतो.