तीन सुरांचा वाद्यवृंद

वाचण्यापूर्वी: तुमच्या आवडत्या गेमचं संगीत गुणगुणून बघा. त्यात कोणकोणती वाद्यं ऐकू येतात?

आजच्या गेमसाठी मोठा वाद्यवृंद बोलावता येतो. चाळीस वर्षांपूर्वी तसं नव्हतं. १९८२ साली कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर आला. त्याची मेमरी फक्त ६४ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावणार नाही! आवाजासाठी त्यात ‘सिड’ नावाची चिप होती. ती एका वेळी तीनच सूर वाजवत असे.

रॉब हबर्ड यांचा जन्म १९५५ साली इंग्लंडमधल्या हल शहरात झाला. ते व्यवसायाने वादक होते. कॉम्प्युटर हाती आल्यावर प्रोग्रॅमिंग ते स्वतःच शिकले. त्यांनी आपले प्रोग्रॅम एका कंपनीला दाखवले, तर कंपनीला प्रोग्रॅमपेक्षा त्यातलं संगीतच जास्त आवडलं. इथूनच त्यांची वाट बदलली.

१९८५ साली त्यांनी ‘मॉन्टी ऑन द रन’ आणि ‘कमांडो’ या गेमना संगीत दिलं. ‘कमांडो’चं काम त्यांनी एका रात्रीत, ऑफिसात बसून संपवलं. सकाळी लोक कामावर आले, तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरवर तीच धून वाजत होती!

आता विचार करा: सूर तीनच, मग ढोल, गिटार आणि मुख्य चाल कशी बसवायची? पंखा जोरात फिरला की पाती वेगळी दिसत नाहीत, एकच चकती दिसते ना? तसंच हबर्ड एकाच आवाजात तीन-चार सूर पटापट बदलत. आपल्या कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात. ढोलाचा ठोका ते दुसऱ्या वाद्याच्या मधल्या जागेत बसवत. हे सगळं ते कागदावर स्वरलिपीत नाही, तर आकड्यांच्या रूपात कॉम्प्युटरमध्ये भरत. संगीत वाजवणारा त्यांचा प्रोग्रॅम जेमतेम एक किलोबाइटचा होता.

पुढे ते अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीत गेले. हळूहळू यंत्रं बदलली. सीडीवर खरी वाद्यं रेकॉर्ड करता येऊ लागली. जुन्या युक्त्यांची गरज उरली नाही. हबर्ड यांचं कामही बदललं: स्वतः धुना रचण्यापेक्षा ध्वनिविभागाची तांत्रिक जबाबदारी वाढली. २००२ साली ते इंग्लंडला परतले.

मग त्या धुना विसरल्या गेल्या का? मुळीच नाही. लहानपणी त्या ऐकलेले लोक आज त्या खऱ्या वाद्यांवर वाजवतात. २०१६ साली स्कॉटलंडमधल्या अबरटे विद्यापीठाने हबर्ड यांना मानद पदवी दिली.

नवे शब्द
वाद्यवृंद – एकत्र वाजवणाऱ्या वादकांचा गट
जेमतेम – कसंबसं तेवढंच
मानद पदवी – सन्मान म्हणून दिलेली पदवी

सांगा पाहू
१. सिड चिपची अडचण काय होती?
२. पंख्याचं उदाहरण कशासाठी दिलं आहे?
३. कमी साधनांत तुम्ही काय बनवलंय? पाच वाक्यं लिहा.